फुलांचा रतीब

वसई, आगाशी, निर्मळ आणि अर्नाळा या पट्ट्यातील वाड्यांतून उजाडण्यापूर्वी खुडलेली तगर, जास्वंदीच्या कळ्या, तुळशीच्या जुड्या आणि सोनचाफा हा सारा जिन्नस टोपल्यांत घालून, ओल्या फडक्याने झाकून विरारहून सुटणाऱ्या पहाटेच्या लोकलने दादरकडे निघतो, तेव्हा तो बोरिवली, मालाड आणि गोरेगाव ही स्थानके एकामागून एक ओलांडून पुढे जातो. दादरला मीनाताई ठाकरे फूल मंडईत आणि कवी केशवसुत उड्डाणपुलाखालच्या बाजारात त्याचा भाव ठरतो, त्याचे हात बदलतात, आणि त्यातलाच काही भाग गोरेगावच्या किरकोळ विक्रेत्याच्या गाठोड्यातून तोच सोळा-सतरा किलोमीटरचा लोहमार्ग उलट दिशेने कापून परत येतो व तेथून आमच्या दिंडोशीच्या चढावरील इमारतींच्या दारांपर्यंत पोहोचतो. या येरझाऱ्यात फुलाचे दोन-तीन तास खर्ची पडतात. धान्याला किंवा कांद्याला दोन-तीन तासांची किंमत नसते. सूर्य वर आल्यावर उमलून कोमेजणाऱ्या फुलाचे मात्र ते अर्धे आयुष्य असते. पिकवणाऱ्याला अडत द्यावी लागते, विकणाऱ्याला दोन वेळचा प्रवास आणि हमाली सोसावी लागते, आणि घेणाऱ्याच्या हाती देवापुढे ठेवताना काठ काळवंडलेले फूल येते.

हा व्यवहार असाच चालावा असा कोणताही निसर्गनियम नाही. त्याचा विचार आज मुद्दाम करावासा वाटतो, कारण उपनगरांत राहणाऱ्या, परंतु पालघर, वसई किंवा रायगडाकडे वडिलार्जित जमिनीचा एखादा तुकडा असलेल्या अनेक कुटुंबांच्या मनात सध्या फुलशेतीचा विचार घोळत आहे. एका भावाने वाडी पाहावी, दुसऱ्याने गोरेगाव-मालाडकडे विक्री सांभाळावी, घरातील स्त्रियांनी हार, वेण्या, तोरणे आणि समारंभांची आरास करावी, अशी ही कल्पना आहे. ती उत्तम आहे, आणि ती यशस्वी होऊ शकते असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र असा धंदा लग्नसराईच्या मोठ्या कंत्राटांवर किंवा दसऱ्याच्या एका दिवसाच्या तेजीवर उभारू नये. तो दारोदारच्या फुलपुडीवर, म्हणजेच रोजच्या रतिबावर उभारावा. पाया तेथे घालावा, आणि आरास, सजावट, पुष्पगुच्छ हे सारे त्यावर मजल्यासारखे चढवावे.

महाराष्ट्रात फुलांचा घरगुती धंदा ही काही नवी गोष्ट नाही. महात्मा जोतीराव फुले यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील काटगुणचे, गोऱ्हे आडनावाचे. पुण्यात आल्यावर या घराण्यातील बंधूंनी पेशव्यांच्या वाड्याला फुले, हार, गजरे आणि फुलांच्या गाद्या पुरवण्याचे काम केले, त्यात असे प्रावीण्य मिळवले की पेशव्यांनी त्यांना ३५ एकर जमीन इनाम दिली, आणि घराण्याला धंद्याचेच नाव लागले, असे चरित्रकार सांगतात. या हकीकतीत आजच्या उमेदवाराने ध्यानात घेण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. पहिली अशी की, फुलाला जमीन लागते आणि ती गिऱ्हाइकाच्या जवळ लागते, हे राज्यकर्त्यांना तेव्हा उमगले होते. फुले मागवणाऱ्या दरबाराने फुलाऱ्याच्या जमिनीचीही तजवीज केली. दुसरी गोष्ट दुःखाची आहे. थोरले बंधू राणोजी यांनी ती इनामजमीन एकट्याच्या ताब्यात ठेवली आणि जोतीरावांचे वडील गोविंदराव यांना भाजीपाल्याच्या व्यवसायावर संसार नव्याने उभा करावा लागला. घरच्या धंद्यात सर्वांचे श्रम गृहीत धरले जातात आणि वाटा मात्र कोणाचाच लिहून ठेवला जात नाही, ही खोड आजही गेलेली नाही. पहाटे तीनला उठून कळ्या खुडणारी सून आणि दुपारी दोन वाजेपर्यंत वेण्या गुंफणारी सासू यांचा हिस्सा ज्या वहीत नोंदला जात नाही, तो धंदा किती दिवस घरचा राहील? जमिनीचा सातबारा कोणाच्या नावे आहे आणि नफ्यातील वाटा कोणाचा किती, हे पहिले रोप लावण्यापूर्वी कागदावर आले पाहिजे.

आता लागवडीकडे वळू. कोकणपट्टीच्या हवामानात शेवंती किंवा अ‍ॅस्टर यांच्या नादी लागण्यात अर्थ नाही. ती घाटावरची पिके आहेत आणि पुणे, सातारा, अहिल्यानगर येथील शेतकरी ती आपल्यापेक्षा चांगली पिकवतात. आपल्या मातीची आपली फुले आहेत. सोनचाफ्याचे बियांपासून वाढवलेले झाड फुलावर यायला वर्षानुवर्षे घेते, परंतु कलमांचे तसे नाही. सिंधुदुर्गातील कुडाळच्या वेलणकरांनी प्रसिद्धीस आणलेल्या जातीची कलमे लहान वयातच फुलू लागतात आणि सांभाळ नीट झाला तर वर्षातील बहुतेक काळ फुले देतात. दहा फुटांवर एक झाड धरले तरी एका गुंठ्यात दहा-अकरा कलमे बसतात आणि एकरात चारशेहून अधिक. चाफा शेकड्यावर विकला जातो, प्लास्टिकच्या पिशवीत पाण्यासह बांधला म्हणजे तो अधिक टिकतो, आणि त्याच्या वासासाठी मराठी माणूस चार पैसे जास्त मोजायला कुरकुरत नाही. मोगऱ्याचा बहर माघ-फाल्गुनापासून पावसाच्या तोंडापर्यंत असतो; त्याला हिवाळ्यात पाणी तोडून ताण द्यावा लागतो, मग छाटणी, मग खत आणि पाणी, आणि कळी टपोरी पण मिटलेली असतानाच खुडावी लागते. मोगरा ओसरला की पावसाळ्यात श्रावणाची पत्री, आघाडा, दूर्वा, गौरींसाठी तेरडा, दसऱ्यासाठी झेंडू, आणि थंडीत कागडा. या सर्वांच्या जोडीला लिली, तगर, जास्वंद आणि तुळस बारमाही असावीत, कारण फुलपुडीत रोज जे लागते ते हेच.

मोगऱ्याविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण त्याने पालघर जिल्ह्यात जे केले ते शेतीच्या चौकटीत मावणारे नाही. जव्हार, मोखाडा, विक्रमगड या आदिवासी तालुक्यांत भात कापून झाला की रानात काम उरत नसे, आणि कुटुंबेच्या कुटुंबे मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर, रेतीच्या बंदरांवर आणि मुंबईच्या बांधकामांवर जात असत. शाळांचे पट ओस पडत आणि मुलांच्या पोटाची आबाळ होई. तेथे बाएफ या संस्थेने आपल्या वाडी कार्यक्रमाबरोबर काही गुंठ्यांवर मोगरा लावण्यास साहाय्य केले, कोसबाड टेकडीवरील कृषी विज्ञान केंद्रानेही फुलशेतीची शिकवण दिली, आणि हे पीक गावोगाव पसरले. स्थलांतराचे जे महिने, नेमके तेच मोगऱ्याच्या बहराचे महिने! फेब्रुवारीपासून जूनपर्यंत रोज पहाटे घरच्या घरी काम आणि रोजच्या रोज काही रक्कम हाती, हे ज्या कुटुंबाला लाभले त्याला भट्टीची उचल घेण्याचे कारण उरले नाही. पाच फुटांवर एक झुडूप धरले तर गुंठ्यात चाळीसच्या वर झुडपे बसतात. म्हणजे ज्याच्यापाशी एकरांनी जमीन नाही त्यालाही हे पीक परवडते. १९९० साली महाराष्ट्राने रोजगार हमीशी फळबागांची सांगड घातली तेव्हा आंबा, काजू, डाळिंब यांनी डोंगरउतार हिरवे झाले. पुढे रोजगार हमीतून गुलाब, मोगरा आणि निशिगंध यांच्या लागवडीलाही साहाय्य मिळू लागले, हा शासनाचा निर्णय योग्य होता. फूल म्हणजे चैन, अशी जी समजूत आपल्या नियोजनात खोलवर रुतून बसली होती, ती जव्हारच्या टेकड्यांवर खोटी ठरली आहे.

कर्नाटकात उडुपीजवळच्या शंकरपुरा परिसरात असाच, परंतु फार जुना, धडा पाहायला मिळतो. तेथे मल्लिगेची, म्हणजे मोगऱ्याच्याच कुळातील फुलाची, लागवड घरामागच्या परसात होते. घरातील माणसे कळ्या खुडतात आणि गुंफतात, त्या दिवसाचा भाव जाहीर होतो, आणि दुपारपर्यंत माल किनाऱ्यावरील शहरांकडे रवाना झालेला असतो. या फुलाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. वसईच्या चाफ्याला किंवा विक्रमगडच्या मोगऱ्याला असा मान मिळवून देण्याचा उद्योग आपण का हाती घेऊ नये?

जोखमीविषयी मी हात आखडता घेऊन लिहिणार नाही. पॉलीहाउस उभारून जरबेरा आणि डच गुलाब पिकवणे हा एक वेगळाच व्यवसाय आहे; मावळात तळेगावच्या परिसरात तो मोठ्या प्रमाणावर चालतो, तेथील गुलाब व्हॅलेंटाइन दिनाच्या आधी परदेशी जातो, आणि ज्यांच्यापाशी भांडवल, शीतगृह आणि निर्यातीची घडी आहे त्यांना तो शोभतो. नवशिक्या कुटुंबाने बँकेच्या कर्जावर तो आरंभू नये. वादळात कागद फाटला किंवा भाव दोन हंगाम पडला तर व्याजाचा डोंगर कमाईच्या वर जातो, आणि अशा कर्जात रुतलेले शेतकरी महाराष्ट्रात थोडे नाहीत. झेंडूचेही तेच. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सोन्याच्या भावाने विकला जाणारा झेंडू दसऱ्याच्या संध्याकाळी रस्त्याच्या कडेला टाकून शेतकरी मोकळ्या टेम्पोने परत जातात, हे दृश्य दरवर्षी आपल्यासमोर असते. २०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी आली तेव्हा मोगरा ऐन बहरात होता. देवळे त्यानंतर बंद राहिली ती दिवाळीच्या पाडव्यापर्यंत, लग्ने गर्दीविना लागली, आणि कळ्या झाडावरच उमलून गळून गेल्या. तेव्हा रतीबही तुटला होता, कारण इमारतींची फाटकेच बंद होती. परंतु फाटके उघडल्यावर सर्वांत आधी पूर्ववत होण्याजोगा व्यवहार रतिबाचाच असतो. मांडवाच्या कंत्राटाला मुहूर्त लागतो, मोठा समारंभ लागतो. रोजच्या देवपूजेला सकाळ पुरते.

रतिबाचे गणित साधे आहे. शंभर घरे रोज फुलपुडी घेतात असे धरले, तर उद्या किती तगर, किती जास्वंद, किती तुळस आणि किती दूर्वा लागणार हे आज संध्याकाळीच ठाऊक असते; तेवढेच खुडावे, तेवढेच आणावे. वाया जाणारे फूल हाच या धंद्यातील सर्वांत मोठा तोटा आहे, आणि मागणी आधी कळणे हाच त्यावरील एकमेव उपाय. महिन्याचे पैसे आगाऊ मिळाले तर खतापाण्याला सावकाराचे तोंड पाहावे लागत नाही. शिवाय ज्या घरात रोज आपली पुडी जाते त्या घराचा सत्यनारायण, बारसे, मंगळागौर, वास्तुशांत आणि लग्न आपल्याकडे येते. आरास करणाऱ्याला याहून चांगली जाहिरात नको. केळीचे खुंट, आंब्याचे टहाळे, नारळाच्या झावळ्या, भाताच्या लोंब्या, झेंडू, निशिगंध आणि चाफा यांतून जे मखर किंवा जे द्वार उभे राहते, त्याची सर थायलंडहून विमानाने आलेल्या ऑर्किडला नाही, असे मी आग्रहाने म्हणतो. आणि दसऱ्याला लोंबी गुंफलेले तोरण घेऊन उपनगरांत येणाऱ्या वारली आणि कोकणा भगिनींच्या बोटांत जी कला आहे ती कोणत्याही पदविकेहून कमी नाही. सजावटीचा घरचा धंदा काढणाऱ्यांनी त्यांना मजुरीवर राबवू नये, भागीदार करावे.

दिंडोशीला चित्रनगरी खेटून आहे. १९७७ पासून तेथे चित्रपटांचे, आणि आता मालिकांचे, चित्रण चालते. त्यातील विवाह आणि पूजा यांच्या देखाव्यांना फुले लागतात. जेथे एकच प्रसंग अनेक दिवस चित्रित होतो तेथे कृत्रिम फुले वापरावी लागतात हे समजण्यासारखे आहे. परंतु घरोघरीच्या गणपतीपुढे आणि देवळांच्या गाभाऱ्यात प्लास्टिकच्या माळा लोंबाव्यात, हे समर्थनीय नाही. त्या माळा जेवढ्या स्वस्त, तेवढाच वसईच्या वाडीवाल्याचा भाव पडतो, आणि फेकल्यावर त्या नाल्यांत अडकतात. शेतकऱ्यांनी याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात शासनाने अशा फुलांवर बंदी आणण्याची भूमिका विधानसभेत जाहीर केली. जाहीर केलेली बंदी बाजारपेठेच्या फळीपर्यंत उतरवणे हे प्रशासनाचे कर्तव्य आहे. आपल्या देव्हाऱ्यापुरती ती आजच अमलात आणण्यास मात्र कोणाच्या आदेशाची गरज नाही.

जागेचा प्रश्न उरतो, आणि माझ्या मते सर्वांत कळीचा तोच आहे. पिकवणाऱ्या कुटुंबाला गोरेगाव-मालाडात पहाटे साडेचार ते आठ या वेळेत टोपली टेकायला हक्काची जागा मिळाली, तर दादरची येरझार आपोआप टळेल. २०१४ चा पथविक्रेता कायदा अशा उपजीविकेला संरक्षण देतो आणि विक्रीची क्षेत्रे ठरवण्यासाठी नगर पथविक्रेता समितीची तरतूद करतो. राज्य पणन मंडळाने संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडी बाजारांचे अभियान चालवले, तेव्हा शहरात शेतकऱ्याला थेट विकू देण्याचे तत्त्व शासनाने मान्यच केलेले आहे. अरणच्या त्या माळी संताच्या नावाच्या बाजारात भाज्यांबरोबर फुलांचा पहाटबाजार भरावा, यात अवघड काय आहे? आठवड्यातून एकदा भरणारा बाजार फुलाच्या कामाचा नाही. तो रोजचा हवा, आणि काही तासांचाच हवा. आणखी एक उदाहरण तर आपल्या शेजारीच आहे. १९४९ साली आरे वसाहत उभी राहिली तेव्हा शहरातील गोठे बाहेर नेऊन दूध नाक्यानाक्यावरील केंद्रांतून घरोघरी पोहोचवण्याची व्यवस्था सरकारने केली होती. दुधासारखा नाशवंत पदार्थ रोज पहाटे लाखो घरी पोहोचवण्याची विद्या या शहराला एकेकाळी अवगत होती. त्या दूध केंद्रांचा दुधाशी आता पूर्वीसारखा संबंध उरलेला नाही. सकाळच्या चार तासांसाठी त्यांतील काही केंद्रे फुले पिकवणाऱ्या कुटुंबांना आणि महिला बचत गटांना माफक भाड्याने का देऊ नयेत?

ज्या वसईतून ही फुले येतात तिचाही विचार येथे केला पाहिजे. १९८८ च्या सुमारास वसईची शेतजमीन इमारतींसाठी मोकळी होऊ लागली आणि विहिरींचे पाणी टँकरने बाहेर जाऊ लागले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली जो लढा दिला, त्यामुळेच काही वाड्या आजवर टिकल्या. पुढे उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवलेला हा लेखक-धर्मगुरू २०२४ साली निवर्तला. जमीन आंदोलनाने काही काळ वाचते. कायमची ती तेव्हाच वाचते, जेव्हा तिच्यावर राबणाऱ्या घराला तिच्यातून प्रतिष्ठेचे उत्पन्न मिळते. चांगला भाव मिळालेला चाफ्याचा प्रत्येक शेकडा हा त्या वाडीच्या विक्रीखतावर सही न करण्याचे एक कारण असते.

संघटितपणे लढून जागा कशी मिळवावी, हे दिंडोशीकरांना सांगायला नको. मृणाल गोरे आणि बाबूराव सामंत यांच्या नागरी निवारा चळवळीने कमाल जमीन धारणा कायद्याखालील जमिनीवर सामान्य माणसाचा हक्क सांगितला, दीर्घकाळ पाठपुरावा केला, आणि त्यातून या टेकडीवर घरे उभी राहिली. संघटित नागरिकांना अर्ज, शिष्टमंडळे आणि चिकाटी यांच्या बळावर जागा मिळवता येते, याचा पुरावा आपल्या डोक्यावरचे छप्परच आहे. त्या मानाने ही मागणी अगदी लहान आहे. म्हणून माझी विनंती अशी की, प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने आपल्या येत्या सर्वसाधारण सभेत फुलांचा हा विषय घ्यावा; किती घरांना रोज फुलपुडी हवी याची यादी करावी, वसई-पालघरकडील एखाद्या उत्पादक कुटुंबाशी किंवा गटाशी वर्षभराचा लेखी करार करावा, महिन्याचे पैसे आगाऊ द्यावेत, आणि पहाटेच्या फूलबाजारासाठी जागा निश्चित करावी असा ठराव संमत करून तो महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयात रीतसर दाखल करावा. मोगऱ्याची छाटणी हिवाळ्यात होते. ठराव त्याआधी झाला, तर शेतकऱ्याला आपली लागवड त्या हिशेबाने ठरवता येईल.